मफलरखालचा चेहरा

८ जानेवारी

धाकट्या,

वरती 'अनेक आशीर्वाद' लिहायचं होतं. थोरला भाऊ धाकट्याला तसंच लिहितो. पण दोनदा पेन टेकवलं आणि दोन्हीदा उचललं. तेव्हा नुसतं धाकट्या.

पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीतून उतरवून घेतला. तिला विचारलं नाही. ती तुला वर्षातून दोन पत्रं टाकते हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे तिला माहीत आहे, आणि बारा वर्षं आम्ही दोघंही मूग गिळून बसलो आहोत.

मी ऑक्टोबरात निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब म्हणाले, आमच्या जीपनं पकडले नसतील इतके गुन्हेगार ह्यांच्या पेन्सिलीनं पकडले. सगळे हसले. मीही हसलो. मग घरी आलो आणि तीन आठवडे काय करावं ते सुचेना. तुझी वहिनी म्हणाली, दिवसभर पायात पायात येऊ नका, बाहेर जाऊन बसा कुठेतरी.

म्हणून मी बागेत बसतो. जुन्या पाण्याच्या टाकीमागे आहे बघ ती जागा. तू इथे होतास तेव्हा तिथे नुसतं गवत माजलं होतं. आता कुंपण आहे, गोल पायवाट आहे, सात बाक आहेत. चौथा बाक माझा. तिथून फाटकही दिसतं आणि वळणही. नऊला जातो, साडेअकराला उठतो. सोबत वही आणि दोन पेन्सिली. जन्मभर मी दुसऱ्यांनी पाहिलेली माणसं काढली. कुणी लुटलं जायचं, कुणाला मार बसायचा, साक्षीदाराला माझ्यासमोर आणून बसवायचे आणि तो सांगेल तसा चेहरा मी कागदावर उतरवायचो. आता म्हटलं, स्वतः पाहिलेली माणसं काढून बघू.

गर्दी अशी नसतेच. एक आजोबा उलटे चालतात. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. वळण आलं की मी 'डावीकडे' म्हणून सांगतो आणि ते मान न वळवता वळतात. एक नवरा-बायको येतात. तो दहा पावलं पुढे, ती दहा पावलं मागे, आणि भांडण मात्र अखंड. पाठीला तोंड असल्यासारखा तो उत्तरं देत जातो. एक पोस्टमन अकराच्या सुमाराला बूट काढून पाय गवतात ठेवतो आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसतो. त्याच्या पायांचं चित्र मला बरं जमलं. चेहऱ्याचं नाही जमलं.

चेहरे कुणाचेच जमत नाहीत. हात गेला असेल. वय झालं.

बाकी ठीक. काही मागायला लिहिलेलं नाही.

थोरला


२९ जानेवारी

धाकट्या,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतंच. तरी पोस्टमन बाकावर येऊन बसला की मी त्याच्या पिशवीकडे बघतो. तो आपल्या भागाचा पोस्टमनही नाही.

बागेत एक माळीणबाई आहेत. पन्नाशीच्या, कमरेला कात्री खोचलेली, तोंडानं फटकळ. झाडांशी बोलतात आणि माणसांवर खेकसतात. परवा माझ्या बाकामागची मेंदी छाटताना त्यांनी वही मागितली. हात पदराला पुसले आणि एकेक पान उलटत गेल्या. मला वाटलं, वाहवा करतील.

त्या म्हणाल्या, "काका, हे सगळे एकाच घरातले आहेत का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. उलट्या आजोबांच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, आजोबांची हनुवटी बसकी आहे, ही कुणाची दिलीत त्यांना? मग पोस्टमनचं पान काढलं, मग बाबागाडी ढकलत येणाऱ्या एका तरुण आईचं. तीच हनुवटी. तेच नाक. त्या पोरीला तर ते नाक अगदीच विचित्र दिसत होतं.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर सगळी पानं मांडली. एकेचाळीस निघाली. तुझी वहिनी भाजी निवडायला आली होती, ती ताटली हातात धरून उभी राहिली. बराच वेळ पाहिलं तिनं. मग म्हणाली, "भावोजींची आठवण येत असेल तर त्यांना पत्र लिहा. बागेतल्या लोकांना कशाला वेठीला धरता?"

मी म्हटलं, लिहिलंय. ती पानं एका बाजूला सारून भाजी निवडायला बसली.

मी तुला मागच्या पत्रात हात गेला म्हणून लिहिलं होतं. हात गेलेला नाही.

थोरला


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहिणार आहे, कारण माझ्या बाजूनं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या सकाळी आपलं भांडण झालं होतं. आईला तुझ्याकडे न्यायचं की माझ्याकडेच ठेवायचं, ह्यावरून. तू म्हणालास, तुझ्या घरात ती पाहुण्यासारखी राहते, चहासुद्धा मागून पिते. खरं होतं म्हणून झोंबलं. ऑफिसात पोचलो तरी मनातल्या मनात मी तुला उत्तरं देत होतो. एकाहून एक धारदार.

दुपारी त्या औषधाच्या दुकानातल्या बाईंना आणलं. आदल्या संध्याकाळी दुकान लुटलं होतं, त्यांच्या नवऱ्याच्या पोटात चाकू खुपसला होता. त्यांनी कपडेसुद्धा बदलले नव्हते. लुटणाऱ्यानं नाक झाकेल असा मफलर गुंडाळला होता. त्यांनी पाहिलं ते चार-पाच सेकंद. डोळे खोल, भुवया एकमेकींजवळ, कपाळ रुंद. एवढंच सांगता आलं त्यांना.

आमच्या कामात नियम असा की साक्षीदारानं पाहिलं नाही ते काढायचं नाही. मफलर होता तर मफलरच काढायचा. तसंच काढून मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "हे घेऊन मी आता गावभर मफलर शोधत फिरू? खालचं अंदाजानं पूर्ण कर."

मी केलं. अंदाज म्हणजे तरी काय रे? हाताला जे पाठ असतं ते. आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता.

पूर्ण झाल्यावर पाहिलं तर नाक तुझं होतं. हनुवटीवरची खळी तुझी होती. बाईंना विचारलं, असाच होता का? त्या म्हणाल्या, असाच असेल. साहेब दारात हात पुढे करून उभे. रबर माझ्या डाव्या हातात होतं.

बारा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ते उशिरा कळलं, चित्र भिंतीभिंतीवर लागल्यावर. ते खोटं आहे. मला तिथेच कळलं. आणि ह्याहून वाईट आहे ते पुढे आहे. रबर हातात धरून मला वाटलं, असेलही. ह्याचा राग भडक, लिफ्ट दुरुस्तीच्या कामामुळे हत्यारं सतत पिशवीत, आदल्या संध्याकाळी हा कुठे होता कुणास ठाऊक. मी तुझ्यावर इतका चिडलेलो होतो की त्या घटकेला तुझ्याबद्दल काहीही खरं वाटलं असतं. मी कागद देऊन टाकला.

मग तुझ्याच इमारतीतल्या कुणीतरी चित्र ओळखलं. मग ती ओळखपरेड, बाईंनी सातांतून तुझ्यापुढे येऊन थांबणं. अकरा महिने तू आत होतास. आणि इथे माझी वाहवा चालली होती. कर्तव्यापुढे सख्खा भाऊसुद्धा पाहिला नाही, म्हणे. ऑफिसात लोक उठून उभे राहायचे. मी एकदाही म्हटलं नाही की हे चित्र त्या बाईंनी सांगितलेलं नाही. म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, मी काढलेल्या प्रत्येक चित्रावर संशय आला असता. अशी कारणं मी जमवत गेलो आणि महिने उलटत गेले.

आईला आम्ही सांगितलं होतं की तू परगावी कामाला गेलायस. सातव्या महिन्यात तिनं खाट फिरवून घेतली, दाराकडे तोंड करून. पुढल्या आठवड्यात ती गेली. तिला कळलं होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं मला कधी विचारलं नाही, आणि तिच्या त्या न विचारण्याचीच मला भीती वाटायची.

खरा माणूस दुसऱ्याच गावात दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला. मी त्याला पाहायला गेलो होतो. नाक चपटं होतं. हनुवटी तर नव्हतीच म्हण ना.

तुला सोडलं त्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो. दिव्याच्या खांबापुढून जावं तसा तू माझ्यापुढून गेलास.

मला क्षमा कर असं लिहायला हे पत्र घेतलं होतं. लिहून झाल्यावर तो शब्द फार लहान वाटतोय. तरी लिहितो.

थोरला


५ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंस ते मी पुन्हा तुलाच उतरवून पाठवतो, म्हणजे मी ते नीट वाचलं हे तुला कळेल.

"माफी घेऊन मी काय करू? मला लिहिलंस ते कचेरीत लिहून दे. दप्तरात माझ्या नावापुढे अजून 'पुराव्याअभावी सोडले' असंच आहे. त्यामुळे लिफ्टच्या कामाचा परवाना मिळत नाही. पंखे दुरुस्त करतो."

खरा माणूस सापडल्यावर तुझं नाव आपोआप स्वच्छ झालं असेल असं मी धरून चाललो होतो. पोलिसांच्या ऑफिसात जन्म काढलेल्या माणसानं असं धरून चालावं! बघायला गेलो नाही, कारण बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

त्याच दिवशी दुपारी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"मला वाटायचं, तुम्हाला नंतर कळलं."

"नाही."

"सासूबाई गेल्या तेव्हा माहीत होतं?"

"हो."

ती उठली, गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण माझ्यासमोर बसून जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा इस्त्रीचा सदरा खुर्चीवर ठेवलेला होता. म्हणाली, कचेरी दहाला उघडते.

गेलो. माझ्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसते, संगणकावर चेहरे जुळवते. तिनं मला चहा विचारला. साहेबही नवीन. त्यांनी माझं निवेदन वाचलं आणि कागदावर तळवा ठेवला. मग म्हणाले, प्रकरण मिटलंय, तुम्ही निवृत्त झालात, कशाला राख उकरता? उद्या तुमच्या प्रत्येक चित्रासाठी एकेक वकील दारात येईल.

मी म्हटलं, येऊ द्या.

ते म्हणाले, मग एकट्या तुमच्या म्हणण्यानं भागणार नाही. साक्षीदारालाही लिहून द्यावं लागेल.

थोरला


२३ मार्च

धाकट्या,

औषधाच्या दुकानातल्या बाईंना शोधायला लागलं नाही. दुकान तिथेच आहे, त्याच चालवतात. मी काउंटरपुढे उभा राहिलो तर त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठीसाठी. ओळखलं नाही. मी नाव न सांगता नुसतं म्हटलं, चित्र काढणारा. त्यांनी मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, इथे नको.

म्हणून त्या बागेत आल्या. परवा, दहा वाजता. चौथ्या बाकावर आम्ही दोघं बसलो, मधे त्यांची पर्स. त्यांचे यजमान त्या हल्ल्यातून उठले होते, पण पुढे दोनच वर्षं जगले. पोटाचं दुखणं गेलंच नाही. हे त्यांनी पायवाटेकडे बघत सांगितलं. मग मी माझं सांगितलं. मफलर, अंदाज, आपलं भांडण. सगळं.

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही काढलंय म्हणजे तुम्हाला माहीत असणार."

"आणि मला वाटलं, तुम्ही पाहिलंय."

"मग पाहिलं कुणी?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

त्या रडल्या नाहीत. रुमाल काढला, त्याची घडी घातली, पुन्हा पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, त्या परेडमध्ये मी चित्रातला माणूस शोधत होते हो, दुकानातला नाही. दुकानातला मला तेव्हाच धड आठवत नव्हता. हे त्यांनाही आतून ठाऊक होतं, आणि तेही बारा वर्षं. तुझं घर कुठे आहे, मुलंबाळं किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लग्न ठरलं होतं, ते मोडलं. पुढचं मला माहीत नाही. सख्ख्या भावाबद्दल हे सांगताना मला मान वर करता आली नाही.

त्या लिहून देणार आहेत.

जाण्याआधी मी विचारलं, तुमचं चित्र काढू का? का विचारलं ते सांगता येत नाही. त्या बसल्या. मी रेघ मारायच्या आधी बघायचो, मारल्यावर पुन्हा बघायचो. दीड तास लागला. ऑफिसात मी वीस मिनिटांत चेहरा उरकायचो. माळीणबाई पाण्याची नळी घेऊन जाताना वाकून बघून गेल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाई ह्याच आहेत."

एवढ्या वर्षांत मला मिळालेली खरी पावती ती.

थोरला


१४ मे

धाकट्या,

सोबत कागद आहे. शिक्का बघ, तारीख बघ, तुझ्या नावातल्या वेलांट्याही तपासून बघ. मी तीनदा तपासल्या. 'पुराव्याअभावी सोडले' हे काढून 'निर्दोष. चित्र व ओळख सदोष' असं लिहिलं आहे. खाली माझं नाव आहे, चूक कुणाची त्या रकान्यात.

तीनदा चौकशीला बोलावलं. शेवटच्या वेळी एक अधिकारी म्हणाले, तुमची एकशे ऐंशी चित्रं आम्हाला आता पुन्हा बघावी लागतील. मी म्हटलं, मीही बसतो तुमच्याबरोबर. त्यांनी नको म्हणून सांगितलं. प्रशिक्षणाच्या खोलीत माझी सहा चित्रं नमुना म्हणून लावलेली होती. ती उतरवली आहेत. भिंतीवर चौकटींच्या जागा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या आहेत.

जुने सोबती रस्त्यात भेटले की घड्याळ बघतात. त्यांचंही बरोबर आहे. माझ्यामुळे त्यांच्याही कामाकडे लोक बोट दाखवणार.

हा कागद पोस्टानं पाठवायला जीव धजत नाही. हरवला तर? मी स्वतः आणावा असं वाटत होतं. तुझी वहिनी म्हणाली, तुम्ही नाही. मी नेते. तेव्हा हे पत्रही तिच्याच हातून येईल.

थोरला


३ जुलै

धाकट्या,

तुझी वहिनी काल परतली. प्रवासानं थकली होती, तरी बसून सगळं सांगितलं. मी विचारत गेलो. तुझी खोली कशी आहे, जिना किती मजल्यांचा, खिडकीतून काय दिसतं, केस किती पांढरे झाले. केसांचं तिनं सांगितलं. बाकीचं, मी नीट बघितलं नाही म्हणाली. मी तिच्यासारखा, न बघितलेलं न सांगणारा असतो तर तुझं आयुष्य वाचलं असतं.

तू कागद उभ्यानंच वाचलास, म्हणाली. दोनदा. मग घडी न घालता कपाटात ठेवलास, तिला पंख्याखाली बसवलंस, स्वतःच्या हातानं जेवायला वाढलंस. परवान्याच्या अर्जाबरोबर तो कागद जोडणार म्हणालास. आईबद्दल खूप वेळ बोललात दोघं. तू आत असताना आई तुला तुरुंगात एक चिठ्ठी पाठवायची म्हणत होती आणि तिला कुणी पत्ता दिला नाही, हे तुला वहिनीकडून कळलं. मला ते काल कळलं. म्हणजे आईला माहीत होतं.

माझ्याबद्दल तू काही विचारलं नाहीस. मी ते तिला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, स्टेशनवर गाडी हलायच्या आधी विचारलं एकदा. "तो अजून चित्रं काढतो का?" तिनं हो म्हटलं. तू म्हणालास, "माझं काढू नको म्हणावं."

नाही काढणार.

पत्रांबद्दल तू काही बोलला नाहीस, म्हणून हे एक लिहिलं. नको असतील तर कळव. नाही कळवलंस तरी मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावणार नाही. अंदाजानं पूर्ण करायची सवय सोडतोय.

आज सकाळी बागेत एक माणूस आला. इथला नव्हता. चाल तुझी होती, खांदे तसेच, जरा डावीकडे झुकलेले. दुसऱ्या बाकावर बसला आणि चष्मा पुसत राहिला. पेन्सिल माझ्या बोटांत होती, कागद कोरा होता, उजेडही चांगला होता. मी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. तो वीस मिनिटं बसला असेल. तेवढा वेळ मी नुसता बघत राहिलो. मग तो उठला, फाटकातून बाहेर पडला आणि उजवीकडे वळून गेला.

थोरला